महाविद्यालयाचे समाजमाध्यम पुण्याच्या एजन्सीकडे : वर्षभराच्या सेवेचे परीक्षण

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब या तिन्ही माध्यमांचे काम पुण्यातील एका एजन्सीकडे सोपवले होते. कराराची मुदत संपत आल्यामुळे नूतनीकरणाचा प्रस्ताव समोर आला असून प्रसिद्धी समितीचा समन्वयक या नात्याने त्यावर अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे आले. तोच अभिप्राय, कार्यालयीन टिपणीची भाषा बाजूला ठेवून, येथे मांडत आहे. कारण अशा एजन्सींचे प्रतिनिधी हल्ली मराठवाड्यातील अनेक प्राचार्यांच्या दालनांत लॅपटॉप उघडून सादरीकरण करून जातात आणि सही करण्यापूर्वी नेमके काय विचारावे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. एजन्सीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

मासिक शुल्क पंचवीस हजार रुपयांच्या आसपास, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि जाहिरातींचा खर्च वेगळा, असा हा व्यवहार होता. वेतनेतर अनुदानात असल्या खर्चाला जागा नसल्यामुळे तो संस्थेच्या स्वनिधीतून करावा लागला. त्या बदल्यात दरमहा ठरावीक पोस्टर, काही रील, प्रवेशाच्या काळात सशुल्क जाहिराती आणि महिनाअखेर एक अहवाल मिळणार होता. यापूर्वी हे सगळे काम आमच्या इंग्रजी विभागातील एक प्राध्यापक तासिका सांभाळून करत असत. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना पत्र पाठवून प्रत्येक संस्थेने एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमावा आणि संस्थेची खाती उघडावीत असे सुचवले होते, तेव्हापासून ही जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली ती पडलीच. विद्यार्थ्यांचीही खाती जोडून घेण्याच्या सूचनेवरून त्या पत्राविषयी देशभर बराच वाद झाला आणि तो पुढे विरलाही. आमच्या प्राध्यापकांची जबाबदारी मात्र विरली नाही. त्यामुळे बाहेरची व्यावसायिक मदत घ्यावी या निर्णयात मला आजही काही गैर वाटत नाही.

आधी जमेची बाजू. छायाचित्रण आणि चित्रफितींचे काम या एजन्सीने उत्तम केले. युवक महोत्सवात आमच्या मुलांनी सादर केलेल्या भारुडाची त्यांनी केलेली दीड मिनिटाची चित्रफीत पाहून माजी विद्यार्थ्यांनी स्वतःहून चौकशा केल्या, कारण तीत मुलांचे आवाज स्वच्छ ऐकू येत होते आणि संबळ कुठेही दबलेला नव्हता. आमच्या मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींत नेमका हाच दोष असे. प्रत्येक कार्यक्रमाची छायाचित्रे तारीख, स्थळ आणि उपस्थितांच्या तपशिलासह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची शिस्तही त्यांनीच लावली. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल तयार करताना जिओटॅग, म्हणजे स्थळाची नोंद, असलेली छायाचित्रे शोधत आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांना एरवी किती फिरावे लागते हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगण्याची गरज नाही. समाजमाध्यमासाठी दिलेल्या पैशांतून नॅकचे काम सोपे होईल असे आम्हांपैकी कुणाच्याच मनात नव्हते.

पोस्टरांबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. वर्षाच्या सुरुवातीला एजन्सीने जी दिनदर्शिका दिली ती उघडच कुठल्याही शहरातील कुठल्याही महाविद्यालयासाठी बनवलेली होती. तीत फ्रेंडशिप डे होता, पण १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन नव्हता. १४ जानेवारीला पतंग आणि तिळगूळ होते, पण १९९४ साली याच दिवशी आमच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले आणि तेव्हापासून हा दिवस नामविस्तार दिन म्हणून पाळला जातो, याचा त्यात पत्ता नव्हता. त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी किती गर्दी लोटते हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो आपल्या महाविद्यालयाच्या पानावर नुसता पतंग टाकणार नाही. आम्ही दोन्ही दिवस घालायला लावले; पण जी चूक पुण्यात बसून दिसत नाही ती दाखवून देण्यासाठी आमचाच माणूस बसवावा लागत असेल, तर वाचलेला वेळ नेमका कुठे गेला, हा प्रश्न उरतो. शिवाय हिरवळीवर काळे झगे घालून टोप्या उडवणारी परदेशी मुले आमच्या पदवी प्रदान समारंभाच्या पोस्टरवर दोनदा आली. आमच्या आवारात लिंबाची झाडे आहेत, पत्र्याची सायकल शेड आहे आणि एसटीच्या वेळा सांभाळत वर्गातून लगबगीने निघणाऱ्या मुली आहेत. त्यांचे फोटो एजन्सीनेच काढलेले असताना विकतचे फोटो वापरण्याचे कारण मला शेवटपर्यंत समजले नाही.

या सेवेचा खरा कस लागला तो सूचनांच्या बाबतीत, आणि माझ्या मते महाविद्यालयाच्या संवादाचा सगळा जीव सूचनांतच असतो. परीक्षा अर्जाची मुदत, विलंब शुल्कासह वाढलेली मुदत, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जात निघालेली त्रुटी, एसटीच्या सवलतीच्या पाससाठी लागणारे बोनाफाईड, अपार आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याची ओळख आणि श्रेयांकांची नोंद यांसाठीचे क्रमांक), प्रात्यक्षिक परीक्षेच्या तुकड्या, या गोष्टींसाठी विद्यार्थी आपले पान उघडतो. नवीन शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून पदवीच्या प्रथम वर्षाला विषयांची जी नवी रचना आली तिच्यामुळे मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुले ऐच्छिक) विषयांविषयीचे प्रश्न या यादीत वाढले. एजन्सीच्या करारात ‘नोटीस क्रिएटिव्ह’ नावाचा एक प्रकार होता, ज्यात विद्यापीठाचे परिपत्रक आम्ही पाठवायचे आणि त्यांनी ते आकर्षक करून टाकायचे असे ठरले होते.

आकर्षक करण्याच्या या भानगडीत काय झाले ते थोडे सविस्तर सांगतो. विद्यापीठाच्या परिपत्रकावर वरच्या बाजूला जावक क्रमांक आणि दिनांक असतो, खाली संचालकांची सही असते आणि मध्ये एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या वर्गासाठी, कोणत्या सत्रासाठी आणि कोणत्या शुल्कासह अर्ज कधीपर्यंत भरायचा हे लिहिलेले असते. एजन्सीच्या चित्रकाराला जावक क्रमांक आणि दिनांक ही गर्दी वाटली म्हणून त्याने ती काढून टाकली, तक्त्यातून एकच तारीख उचलून ती मोठ्या पिवळ्या अक्षरांत मध्यभागी ठेवली, शेजारी हसणाऱ्या मुलीचा फोटो टाकला आणि वर ‘हरी अप!’ असे लिहिले. त्या तारखेला साल नव्हते. ती फक्त नियमित विद्यार्थ्यांची तारीख आहे, अनुशेषित, म्हणजे मागे राहिलेल्या, विषयांच्या विद्यार्थ्यांची वेगळी आहे, हेही त्यात नव्हते. पोस्टर देखणे होते यात शंका नाही आणि ते भरपूर पुढे पाठवलेही गेले. पुढच्या चार दिवसांत विद्यापीठाने मुदत वाढवली, तिचे दुसरे पोस्टर निघाले, आणि त्यानंतर दोन्ही पोस्टर गावोगावच्या ग्रुपांवर एकाच वेळी फिरू लागली. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे ओळखण्याची एकही खूण दोहोंपैकी कशावरच नव्हती. कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांचा फोन दिवसभर वाजत राहिला आणि पलीकडून प्रत्येक वेळी एकच प्रश्न येत होता, “सर, नेमकी तारीख कोणती धरायची?” मुदत उलटून गेली असे समजून अर्ज न भरता घरी बसलेल्या काही मुलींना वर्गमैत्रिणींनी वेळेवर सांगितले म्हणून त्यांचे सत्र वाचले.

हे आम्ही एजन्सीच्या लक्षात आणून दिले तेव्हा त्यांच्या खातेप्रमुखांनी सांगितले की त्या पोस्टरचा ‘रीच’, म्हणजे ते किती जणांपर्यंत पोहोचले तो आकडा, त्या महिन्यात सर्वांत जास्त होता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि दुखणे नेमके तेच होते. सूचना चुकीची किंवा अर्धवट असते तेव्हा ती जास्त फिरते, लोक ती एकमेकांना विचारण्यासाठी पाठवतात, आणि त्या गोंधळाची मोजदाद अहवालात यश म्हणून होते. ऑक्टोबरपासून आम्ही सूचनांचे काम त्यांच्याकडून काढून घेतले आणि मूळ परिपत्रकाची स्वच्छ पीडीएफ, तिच्याबरोबर मराठीत चार ओळी आणि त्या ओळींत साल, वर्ग आणि परिपत्रकाचा दिनांक, अशा रीतीने ते कार्यालयातूनच टाकू लागलो. दिसायला ते अत्यंत साधे आहे, परंतु कार्यालयातील फोन निम्म्यावर आले असे लिपिक सांगतात आणि या बाबतीत त्यांचा शब्द मी कोणत्याही आलेखापेक्षा अधिक विश्वासार्ह मानतो.

सूचना पोहोचवण्याचे साधन मात्र एजन्सीनेच सुचवले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. आमचे विभागवार व्हॉट्सॲप ग्रुप होते. एका ग्रुपमध्ये १,०२४ जणांची मर्यादा, त्यात सकाळच्या शुभेच्छा, वाढदिवस आणि कुणाचेतरी हरवलेले आयकार्ड, यांखाली सूचना गाडली जायची. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असून ज्याने आपला क्रमांक जतन केलेला नाही त्याला संदेश जातच नाही, हेही आम्हांला त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी महाविद्यालयाचे व्हॉट्सॲप चॅनल उघडून दिले, त्याचा क्यूआर कोड प्रवेश अर्जाच्या पावतीवर छापून घेतला आणि प्रत्येक वर्गात जाऊन तो स्कॅन करून घेण्याचा आग्रह धरला. चॅनलवर फक्त महाविद्यालयच लिहू शकते आणि सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत, ही दुसरी गोष्ट विशेषतः मुलींच्या दृष्टीने मोलाची आहे. वर्षभराच्या शुल्कात आम्हांला मिळालेली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचारले तर मी हे फुकटचे चॅनलच सांगेन.

पालकांपर्यंत पोहोचण्याच्या बाबतीत एजन्सीचे गणित पार चुकले. त्यांनी पालकांसाठी दिवाळीनंतर एक ऑनलाइन मेळावा आणि फेसबुकवर एक मालिका योजली होती. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच असतात. पहाटे फडात शिरलेला माणूस सायंकाळी सात वाजता लिंक उघडून बसेल ही कल्पनाच शहरातली होती. मेळाव्याला प्राध्यापकांचीच उपस्थिती अधिक भरली. त्यानंतर आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एक साधा मार्ग काढला. महत्त्वाच्या सूचनेचा एक मिनिटाचा आवाजी संदेश, बोलीत, एखाद्या विद्यार्थ्याने रेकॉर्ड करायचा आणि तो चॅनलवर टाकायचा, म्हणजे मुले तो आपापल्या घरच्यांना पुढे पाठवतात. “मावशी, काका, पोरीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागायलाय, जुना चालत नाही, तेवढं तहसीलमधून काढून ठेवा” असे सांगणारा एक संदेश त्या महिन्यात कारखान्यांच्या तळांवर किती फोनांत वाजला हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही, पण दाखले येऊ लागले. एजन्सीच्या सूचीत आवाजी संदेश हा प्रकारच नव्हता, कारण त्याचे चित्र निघत नाही.

आणखी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टीने जो हाहाकार केला तो सर्वांना आठवतो. सिंदफणा आणि मांजरा काठच्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत पाणी शिरले होते, सोयाबीन शेतातच सडत होते, रस्ते बंद होते. त्याच दिवसांत नवरात्र होते आणि महिनाभर आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट ठरल्याप्रमाणे आमच्या पानावर आपोआप झळकत राहिल्या. घागरा-चोळीतल्या तरुणींचा फोटो, रोजचा रंग आणि ‘लेट्स गरबा’. एका विद्यार्थ्याने त्याखाली आपल्या घरातील गुडघाभर चिखलाचा फोटो टाकला. आम्ही एजन्सीला फोन केला तेव्हा तो दिवस रविवार असल्याने कुणी उचलला नाही आणि पोस्ट काढण्याचे अधिकार आमच्याकडे नव्हते. तोवर पानावर महाविद्यालयाबद्दल जे लिहिले गेले ते सगळे रास्त होते. आपत्तीच्या काळात नियोजित पोस्ट थांबवण्याचा अधिकार आणि कळ महाविद्यालयाच्या हाती हवी, ही अट करारात नसेल तर सही करू नये.

प्रवेशाच्या जाहिरातींविषयी थोडक्यात. जाहिरातीचा परीघ त्यांनी आधी एवढा मोठा ठेवला होता की चौकशांचे अर्ज पुण्याहून आणि हैदराबादहूनही आले, बी.ए.साठी तिथून आमच्याकडे कोण येणार? तालुका आणि शेजारचे दोन तालुके एवढ्यावर परीघ आणल्यावर खर्च उतरला. पहिल्या मसुद्यात ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे वाक्य होते, जे आम्ही काढायला लावले, कारण ते खरे नव्हते आणि पुराव्याशिवाय नोकरीची हमी सुचवणे जाहिरात मानक परिषदेच्या शैक्षणिक संस्थांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही बसत नाही. शिवाय त्यांनी प्रवेशासाठी एक वेगळे डॉट कॉम संकेतस्थळ उभारले. आपल्या मूळ संकेतस्थळाचा ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ हा पत्ता अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून महाविद्यालयाची कागदपत्रे तपासून दिला जातो आणि म्हणून त्याला एक विश्वासार्हता असते. ती सोडून दुसरीकडे विद्यार्थ्याला नेण्यात काय मिळवले? त्या संकेतस्थळावरचे माहितीपत्रक पाने उलटल्याचा आवाज करत असे, पण त्यात विषयनिहाय जागा आणि शुल्क नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारणविषयक विनियमांनुसार प्रवेश सुरू होण्यापूर्वी किमान ६० दिवस माहितीपत्रक संकेतस्थळावर असावे लागते आणि जागा, पात्रता, शुल्क आणि परताव्याचे नियम त्यात द्यावे लागतात, याची त्यांना कल्पनाच नव्हती. शिक्षण क्षेत्रात काम करतो असे सांगणाऱ्या एजन्सीला हा मजकूर ठाऊक असायला हवा.

टीका करणाऱ्या प्रतिक्रिया लपवून टाकण्याची त्यांची सवयही अंगाशी आली. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याची तक्रार एका विद्यार्थिनीने पोस्टखाली लिहिली, ती लपवली गेली, आणि तिचा स्क्रीनशॉट तासाभरात सगळीकडे पोहोचला. टाकीची मोटार जळालेली होती आणि ती दुसऱ्या दिवशी बसलीही. तेवढे उत्तर त्या तक्रारीखाली लिहिले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. आता तक्रार आली की ती तक्रार निवारण समितीकडे पाठवून तिथल्या तिथे उत्तर देण्याची पद्धत आम्ही घातली आहे.

खात्यांचे अधिकार आणि विद्यार्थ्यांची माहिती या दोन बाबतींत मी सर्वांत कठोर आहे. आमचे इन्स्टाग्राम खाते एजन्सीतील एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर उघडलेले निघाले. तो नोकरी सोडून गेला तेव्हा खाते परत मिळवण्यात जवळजवळ महिना गेला. दुसरे म्हणजे जाहिराती अचूक व्हाव्यात म्हणून त्यांनी सर्व विद्यार्थ्यांच्या मोबाइल क्रमांकांची एक्सेल फाइल मागितली. आम्ही दिली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे, आणि बारावीनंतर प्रथम वर्षाला आलेल्या मुलांमध्ये सतरा वर्षांची मुले असतातच. शिष्यवृत्तीधारकांची प्रवर्गासह यादी ‘अभिनंदन’ म्हणून पोस्टरवर टाकण्याची त्यांची कल्पनाही याच कारणाने नाकारली. अशा वेळी मागणी नाकारणारा कुणीतरी महाविद्यालयात असावा लागतो, आणि लहान गावच्या महाविद्यालयात तो नेहमी असतोच असे नाही.

तारे द्यायचे झाल्यास छायाचित्रण आणि चित्रफितींना पाचपैकी साडेचार, चॅनलच्या उभारणीला पाच, पोस्टर आणि जाहिरातींना दोन, सूचनांच्या कामाला शून्य. ज्या स्वयंअर्थसहाय्यित औषधनिर्माणशास्त्र किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांना लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथून विद्यार्थी मिळवायचे असतात, त्यांना जाहिरातींचा भाग कदाचित जास्त लाभेल. आमच्यासारख्या, पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिसरातून एसटीने येणाऱ्या मुलांच्या महाविद्यालयाला पूर्ण पॅकेज घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नूतनीकरणासाठी आम्ही वेगळा प्रस्ताव ठेवला आहे. वर्षातील मोजक्या कार्यक्रमांचे छायाचित्रण, प्रत्येक सत्राच्या आरंभी आमच्या विद्यार्थ्यांसाठी चित्रीकरण आणि संपादनाचे एक प्रशिक्षण, आणि चॅनलची तांत्रिक देखरेख एवढेच काम एजन्सीकडे राहील. सूचना कार्यालय टाकेल, पोस्टर मराठी विभागाचे विद्यार्थी करतील, सर्व खाती संस्थेच्या ईमेलवर असतील आणि वेळ लावलेली कोणतीही पोस्ट आमच्या संमतीशिवाय जाणार नाही. शुल्क पहिल्याच्या निम्म्याहून कमी सुचवले आहे. एजन्सीने खात्यांची आणि संमतीची अट मान्य केली असून प्रशिक्षणासाठी मात्र ती प्रवासखर्च वेगळा मागत आहे, आणि पुण्याहून इकडे यायला लागणारा वेळ पाहता ती मागणी मला अवाजवी वाटत नाही.